वेड्या अरबाचे करायचे काय?

भयकथेला धर्म नसतो, असे म्हटले जाते. आम्हाला ते मान्य नाही. गोष्टीत कोण घाबरतो आणि कुणाला घाबरतो, एवढे पाहिले तरी ती कुणाच्या अंगणात रचली ते कळते.

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या अमेरिकन लेखकाने भयकथांचे एक कल्पित विश्व उभे केले. त्यातली 'द कॉल ऑफ कथुलू' ही कथा १९२८ मध्ये 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली. या विश्वातल्या अघोरी विद्येचा ग्रंथ कुणी लिहिला? येमेनमधल्या साना शहराच्या एका वेड्या अरबाने, अब्दुल अलहझरेदने! मुळात नावच चुकीचे. 'अब्दुल'मध्ये 'अल' आधीच आहे. मग दुसरे कशाला? मकतबात चार महिने बसलेले पोरही ही चूक दाखवील. या अरबाला दमास्कसमध्ये भरदिवसा अदृश्य राक्षसाने खाल्ले म्हणे, आणि साक्षीला उभे केले इब्न खल्लिकान या खऱ्याखुऱ्या चरित्रकाराला! कुरआनच्या सूरह अल-फज्रमधले इरम म्हणजे सत्तेच्या माजाला दिलेला इशारा. इथे त्याची भुताटकीची जागा झाली.

एकट्याची लहर म्हणून हे सोडून देता आले असते. पण हे विश्व सामाईक आहे. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड, रॉबर्ट ब्लॉक यांनी लव्हक्राफ्टच्या हयातीतच त्यात लिहिले, ऑगस्ट डर्लेथने ते पुढे वाढवले, १९८१ मध्ये त्यावर खेळही निघाला. सामाईक विश्वात पहिल्याची कल्पना दुसऱ्यासाठी माहिती होते आणि तिसऱ्यासाठी पुरावा. आमचा आक्षेप आहे तो इथे.

१९२७ मधली 'द हॉरर ॲट रेड हुक' ही रहस्यकथाच घ्या. न्यूयॉर्कचा पोलिस अधिकारी मेलोन गुन्ह्याचा माग काढत जातो आणि पोहोचतो कुठे? परदेशातून आलेल्या गोरगरिबांच्या वस्तीत. तिथल्या कुर्दांचा संबंध यझिदींशी जोडून लेखक त्यांना सैतानपूजक ठरवतो. पण हाच शिक्का मारून २०१४ मध्ये सिंजारमध्ये यझिदींची कत्तल करणारे इसिसवाले स्वतःला मुसलमान म्हणवत होते, हेही आपण विसरू नये. दुसऱ्याच्या गोष्टीतला सैतान दाखवताना आपल्या घरातल्या गोष्टीही तपासाव्या लागतात.

मग बहिष्कार घालायचा? मुळीच नाही. व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून रेड हुकचीच गोष्ट काळ्या माणसाच्या नजरेतून सांगितली. त्याच्या आदल्याच वर्षी वर्ल्ड फँटसी पुरस्काराने लव्हक्राफ्टच्या मुखवट्याचे स्मृतिचिन्ह बंद केले होते. मुखवटा हटवणे समितीच्या हातात असते; गोष्ट बदलणे लेखकाच्याच.

आणि सामाईक विश्व आपल्याला नवे थोडेच आहे? लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ४६ खंडांत छापलेली अमीर हमजाची दास्तान पिढ्यान्‌पिढ्यांच्या दास्तानगोंनी मिळून रचली होती. तिलिस्म, जादूगार, अय्यार यांत भय होते आणि रहस्यही. तिथे शत्रूपक्षाचे चित्र नेहमीच न्यायाचे होते, असा आमचा दावा नाही. पण कथेचे दार प्रत्येक नव्या दास्तानगोला उघडे होते.

तसेच ते याही विश्वाचे आहे. सानाच्या त्या माणसाला वेडा कुणी ठरवले, त्याने खरोखर काय लिहिले होते, ही रहस्यकथा अजून लिहायची राहिली आहे. ती मराठीत का लिहिली जाऊ नये? तक्रारीचे अर्ज पुष्कळ झाले. आता गोष्ट लिहा.