घरकुलाच्या स्लॅबखालचा उन्हाळा




पर्यावरणपूरक घर म्हटले की सौरपट्ट्या बसवलेल्या टुमदार बंगल्याचेच छायाचित्र छापले जाते. सौरपट्ट्यांना विरोध नाही. पण खरी कसोटी घरकुलाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले आहे. मराठवाड्यात त्यातून बहुधा एकच साचा उभा राहतो: विटांच्या भिंती, एखादी खिडकी आणि वर सपाट स्लॅब. मे महिन्यात पारा बेचाळिशीपार गेला की हा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. धडधाकट माणसे अंगणात खाट टाकतात. म्हातारी, आजारी, बाळंतीण आतच उकडत राहतात. शिवाय सिमेंट तयार होताना भट्टीच्या इंधनाचा धूर होतोच, पण भाजलेल्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि त्याचा वाटा इंधनापेक्षा मोठा असतो. म्हणजे स्लॅबमधले सिमेंट वाचवणे हेच पर्यावरणाचे मोठे काम.

यावर आक्षेप म्हणून हमखास किल्लारीच्या भूकंपाचे नाव घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या घरांखाली. पण दोष नुसत्या मातीचा नव्हता. मातीत रचलेल्या जाड भिंतींना आतून-बाहेरून सांधणारे आरपार दगड नव्हते आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेल्या पांढऱ्या मातीचे ओझे होते. त्यामुळे पुन्हा माळवदे बांधा, असे मी मुळीच म्हणत नाही. भिंतींना बांधून ठेवणारा भूकंपपट्टा हवाच, स्लॅबही राहू दे. वाळवणाला आणि पुढेमागे मजला चढवायला लोकांना तो लागतो. फक्त तो बदलावा. स्लॅबच्या खालच्या अंगाचा ताण सळई पेलते, तिथले काँक्रीट नव्हे. म्हणून सळयांच्या मधल्या चौकटींत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवून वर काँक्रीट ओततात. सिमेंट वाचते आणि कौलांमधली हवा उष्णता अडवते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात अशी घरे बांधून दाखवली, तीही गरिबांसाठी. आपल्या गवंड्यांना हे जमणार नाही, ही शंका रास्त आहे. पण आवास योजनेतच गवंडी प्रशिक्षणाची तरतूद आहे, तिथेच हे शिकवता येईल.

जी घरकुले बांधून झाली, त्यांच्या छताला उन्हाळ्यापूर्वी चुन्याची सफेदी दिली तरी ऊन बरेच परतवले जाते. नव्या घरांचे हप्ते तर टप्प्याटप्प्याने फोटो काढूनच जमा होतात. समोरासमोर दोन खिडक्या आणि पांढरे छत दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता जमा करू नये, आणि त्या चुन्याचा खर्च लाभार्थ्याच्या माथी न मारता अनुदानात वाढवून द्यावा, अशी ग्रामविकास विभागाकडे मागणी आहे.

– एक वाचक, लातूर