तीन डोळ्यांची मोटर

परवा ऑफिसहून येताना सिग्नल सुटला आणि माझी इलेक्ट्रिक स्कूटर जागच्या जागी थरथरायला लागली. बॅटरी ७० टक्के, समोर फक्त एक लाल दिवा, मागे हॉर्नचा गजर. उतरून दोन पावलं ढकलली तर निघाली की! पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरमध्ये निदान झालं, "सर, पूर्ण मोटर बदलावी लागेल." कोटेशन पाच आकडी.

मी कोड लिहिणारा माणूस, मोटरवाला नव्हे. पण डोक्यातला किडा गप्प बसेना, म्हणून शनिवारी वाचायला बसलो.

जुन्या ब्रशवाल्या मोटरीत कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा, हे ब्रश आणि कम्युटेटर आपसात ठरवतात. बीएलडीसी मोटरीत ब्रशच नाहीत. ते काम कंट्रोलरचं, आणि त्यासाठी रोटरची चुंबकं आत्ता नेमकी कुठे आहेत हे त्याला कळायला हवं. म्हणून माझ्या स्कूटरसारख्या मोटरीत तीन हॉल सेन्सर बसवतात. (एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम आज आपल्या चाकात फिरतोय!) प्रत्येकाचं उत्तर ० किंवा १. तिघांची मिळून आठ कॉम्बिनेशन्स होतात, पण नेहमीच्या १२० अंशांच्या मांडणीत ००० आणि १११ कधीच येत नाहीत. उरल्या सहा अवस्था. साधी स्टेट मशीन आहे हो!

आता एक सेन्सर ० वर अडकला तर? कागदावर मांडून पाहा. सहापैकी तीन ठिकाणी उत्तर तरीही बरोबर येतं, दोन ठिकाणी एका पायरीने चुकतं आणि एका ठिकाणी अशक्य ते ००० येतं. म्हणजे रोटर कुठे थांबला यावर सगळं नशीब. ढकलल्यावर गाडी का निघाली ते आत्ता कळलं.

मग घरातला बीएलडीसी पंखा? त्यातले बरेच सेन्सरशिवाय चालतात. फिरत्या मोटरीत उलटा व्होल्टेज तयार होतो, त्यावरून कंट्रोलर रोटरची जागा ओळखतो. पण मोटर थांबलेली असताना हा व्होल्टेज शून्य, म्हणून सुरुवात अंदाजाने करावी लागते. पंखा सुरू होताना कधीकधी जरा घुटमळतो तो यामुळेच. पंख्याला ते चालतं. डबलसीट फ्लायओव्हर चढणाऱ्या स्कूटरला नाही. तेव्हा सेन्सर हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार सॉफ्टवेअरबद्दल आहे, म्हणजे आपल्याच जातभाईंबद्दल :-) ००० दिसलं त्या क्षणी कंट्रोलरला कळतं की सेन्सर किंवा त्याची वायर गेली. मग स्क्रीनवर तसं लिहा ना! गाडी चालू असताना उरलेले दोन सेन्सर आणि तो उलटा व्होल्टेज यांवरून हळूहळू घरापर्यंत नेता येईल. सर्व्हर क्लस्टरमधला एक नोड पडला म्हणून आपण सगळी साइट बंद करतो का? "चुकीच्या माहितीवर मोटर फिरवणं धोक्याचं," असं कुणी म्हणेल. मान्य. मग वेग मर्यादित ठेवा, पण काय बिघडलंय ते लपवू नका.

रविवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांनी मल्टिमीटर लावून चाक हाताने फिरवलं. दोन सेन्सरांचा व्होल्टेज वर-खाली होत होता, तिसरा शून्यावर ढिम्म. "साहेब, हिचा एक डोळा गेलाय." मोटर उघडून सेन्सर बदलला, पुन्हा सील केली. सेन्सरची किंमत चहा-वड्याइतकी, खरे पैसे दादांच्या दोन तासांचे. वॉरंटी संपलेली होती म्हणून हे करता आलं, नाहीतर हात बांधलेले.

चष्मा लागला म्हणून कुणी डोकं बदलत नाही. पुढची गाडी घेताना मायलेजसोबत मी एक प्रश्न नक्की विचारणार आहे, "सेन्सर गेला तर सेन्सरच बदलून द्याल ना?" तुम्हीही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तरं बदलतात.