"पंप गेला" म्हणजे नेमकं काय गेलं?
आज पिकाचं नाही, गाडीचं. खडवली-टिटवाळ्याकडून कल्याण मार्केटला भाजी नेणाऱ्या आपल्या पेट्रोल गाड्यांचं.

गाडी स्टार्ट होईना की मेकॅनिक हात लावायच्या आधीच सांगतो, "पंप गेला." आपणही मान डोलावतो. पान पिवळं दिसलं की युरिया टाकणारा आणि हा, फरक काय राहिला?

चावी ऑन केली की टाकीतून दोनेक सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या सॉकेटला १२ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग धड आहे का, ते बघायचं. करंट पोचतोय आणि पंप गप्प, तरच तो गेला. आवाज येतो पण चढाला गाडी दम टाकते, तर गेज लावून प्रेशर मोजा. फिल्टर चोक झाला तरी हेच होतं! गेज नसलेल्याने पंपाचा निकाल देऊच नये.

बदलायचाच तर प्रेशर उतरवून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, मोकळ्या हवेत. बिडी लांब. सील रिंग नवीच. जुना पंप मागून घ्या.

आणि शंभराचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर फिरणं सोडा. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. त्यात आता २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं. ऊस आपला, मका आपला, मान्य. पण जुन्या गाडीच्या रबरी सीलला त्याचं काय कौतुक?