चोपड्याच्या चिखलातला नेपल्सचा किडा

नदीकाठी काही बांधायचं ठरलं की पर्यावरण अहवाल येतो आणि त्यात एक तक्ता असतो. तळाच्या जिवांपुढे लिहिलेलं असतं : ‘पॉलिकीट, शिंपले, इतर’. गोव्यातल्या आमच्या शापोरा नदीबद्दलचा असाच एक अहवाल मध्यंतरी हाती आला. कुणाचा, ते सोडून द्या. माझी सगळी नोकरी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवण्यात गेली. पेपरात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुण दिला असता, तोही दयेने. इथे मात्र त्यावर मंजुरी मिळते.

पॉलिकीट म्हणजे समुद्रातले केसाळ किडे. अंगाच्या वलयावलयाला दोन्ही बाजूंनी ताठ केसांचे झुपके. जगात त्यांच्या हजारो जाती आहेत. ‘पॉलिकीट सापडले’ म्हणणं आणि मोरजीच्या वाळूवर ‘पक्षी दिसले’ म्हणणं सारखंच.

तुयेच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर कामुर्ली. नदी पुढे आगरवाडा, चोपडे करत मोरजीला समुद्राला मिळते. चोपड्याच्या बाजूला सुकतीला चिखल उघडा पडला की त्यातून बोटभर नळ्या वर आलेल्या दिसतात. बाहेरून शिंपल्यांचे तुकडे, कुजकी पानं, काड्या चिकटवलेल्या. आत चिवट, कागदासारखं अस्तर. मी तिथे वाकलो की गरवायला आलेला कुणीतरी विचारतोच, “मास्तर, कितें सोदतात?” नळीखाली किडा आहे हे त्यालाही ठाऊक असतं. गळाला लावायला त्याला तेवढं पुरतं.

ही नळी डायोपॅट्रा प्रजातीची. किडा अख्खा कधी निघत नाही, मागचा भाग तुटून खोल राहतो. पण पुढचा भाग भिंगाखाली धरा. डोक्यावर पाच लांब मिशा, प्रत्येकीचं बूड बांगड्या चढवल्यासारखं वलयांचं. चौथ्या-पाचव्या वलयापासून कल्ले सुरू होतात : मधल्या देठाभोवती तंतू गोल गोल चढत गेलेले, रक्ताने लालभडक. घशात काळे, दातेरी जबडे. पुढच्या पायांवरच्या केसांना टोकाशी आकडा, आणि मागे गेलं की काही केस चपटे होऊन त्यांच्या कडेला बारीक दाते. जात ठरवायची तर बांगड्या मोजायच्या, पहिला कल्ला कितव्या वलयावर ते पाहायचं, दाते मोजायचे. किडा वाढतो तसे यातले काही आकडे बदलतात, म्हणून एका नमुन्यावर भागत नाही. डोळे फुटायची वेळ येते, हे कबूल.

ही प्रजाती १८३३ मध्ये ऑदुआँ आणि मिल्न-एदवार्द या फ्रेंच शास्त्रज्ञांनी इंडोनेशियातल्या अंबोइनाच्या किड्यावरून मांडली. डायोपॅट्रा नेआपोलिताना हे नाव १८४१ चं, देल्ले किआये यांनी नेपल्सच्या किड्याला दिलेलं. पिएर फोवेल यांचा भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये अलाहाबादला निघाला. आपल्याकडे बाटलीतल्या किड्याला नाव लावायला अजूनही तोच उघडला जातो, आणि त्यात नेपल्सचं हे नाव आहे. सदर्न यांनी १९२१ मध्ये चिलिका सरोवरातली एक जात स्वतंत्र म्हणून मांडली होती. तशी नजर आपल्या किनाऱ्याला फार थोडी लाभली.

पोर्तुगालचं उदाहरण गोव्याने तरी घ्यावं. तिथे डायोपॅट्रा गळासाठी खणून विकतात. सगळे एकाच नेआपोलितानाच्या नावाखाली जात. संशोधकांनी नमुने नीट तपासले आणि २०१० मध्ये एक नवी जात जाहीर केली, डायोपॅट्रा मिक्र्युरा. युरोपच्या किनाऱ्यावर हे, तर चोपड्यातला किडा नेपल्सचाच असेल हे कशावरून मानायचं?

आणि हा निव्वळ हौशीचा प्रश्न नाही. कॅपिटेला कॅपिटाटा हा किडा जगभर घाणीची खूण मानला जातो. त्याचं नाव १७८० चं, ग्रीनलंडच्या किड्यावरून. अमेरिकेत वेस्ट फालमथला १९६९ मध्ये तेल सांडलं. तिथल्या कॅपिटेलांवर काम करताना ग्रासल दांपत्याने १९७६ मध्ये दाखवून दिलं की ज्याला आपण एक किडा समजतो त्यात किमान सहा जाती दडलेल्या आहेत, दिसायला जवळपास सारख्या पण पिल्लं वाढवण्याची रीत वेगळी. अशातली एखादी जात नदीतून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तर आपल्या तक्त्यात काय बदलेल? काहीच नाही. पॉलिकीट तेव्हाही होते, आताही आहेत.

मोरजीला कासवं अंडी घालायला येतात तेव्हा किनाऱ्यावर पहारा बसतो, आणि बसायलाच हवा. पण हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर उतरणारे चिखले आणि तुतवार ज्यावर जगतात त्यात या किड्यांचा वाटा मोठा, आणि त्यांची साधी नोंदही धड नाही.

गोव्यात माणसं नाहीत म्हणावं तर दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथले ए. एच. परुळेकर आणि सहकारी यांचं गोव्याच्या खाड्यांतल्या तळजिवांवरचं वर्षभराच्या पाहणीचं काम १९८० मध्ये छापून आलं. तो वारसा अहवाल लिहिणाऱ्यांनी उचललेला दिसत नाही. किड्याचे दाते मोजण्यात पदोन्नती नाही, हेही एक कारण असावं.

म्हणून माझी मागणी एवढीच. अहवालात जातीपर्यंत नाव हवं, आणि ज्या किड्यावरून ते लावलं तो स्पिरिटच्या बाटलीत सार्वजनिक संग्रहात जमा हवा : दोना पावलाला, नाहीतर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : जागा, तारीख, कुणी गोळा केला. नाव चुकलं असेल तर पुढचा माणूस बाटली उघडून दुरुस्त करील. हा खर्च प्रकल्पवाल्याने करावा. कोट्यवधींच्या कामात तो दिसणारही नाही. आणि तक्त्यात बाटलीचा क्रमांक नसेल, तर तो मंजुरीच्या फाइलला लावूच देऊ नये.