खापर कोणाच्या माथी?

गेल्या वर्षी शहापुरातील एका जुन्या मराठी घराण्यातील लग्नास जाण्याचा योग आला. घर चार पिढ्यांचे, माणसे सुविद्य, आतिथ्य अगदी मनापासूनचे. जेवणात पनीरचे दोन प्रकार होते, नूडल्स होत्या, गुलाबजाम होते, आइस्क्रीमही होते. मांडे मात्र नव्हते. बेळगावच्या लग्नात मांडे नसावेत, याचे आम्हांस आश्चर्य वाटले आणि ते आम्ही यजमानांजवळ बोलून दाखविले. त्यांनी आम्हांला परसात नेले. तिथे तुळशीवृंदावनाशेजारी एक मोठे काळे खापर होते आणि त्यात माती भरून कोरफड लावलेली होती. यजमान म्हणाले, "साहेब, आईमागं कुणालाच जमेना. टाकून तरी कसं द्यायचं?"

इथपर्यंत सारे समजण्याजोगे होते. परंतु पुढे पान खाताना याच गृहस्थांनी चांगला अर्धा तास खर्चून आम्हांला असे पटवून दिले, की मांडे हा अस्सल मराठी पदार्थ असून कानडी मुलखाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. ज्या घरात मांडा उरला नाही, त्या घरात मांड्याच्या जातकुळीवर एकमत झाले. त्या एकमताविरुद्ध लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. वाचकांपैकी काहींना हे लिखाण रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की गेली कित्येक वर्षे आपण सीमाभागातील लोक आपल्या अन्नाची, बोलीची आणि रीतीभातींची मालकी सांगण्यात जेवढी शक्ती वेचतो, तिच्या दशांशानेही त्या गोष्टी टिकविण्यासाठी वेचत नाही. शिवाय ही मालकी ज्या शुद्धतेच्या आधारे आपण सांगतो, ती शुद्धता या भूमीत कधीच नव्हती. नसलेल्या गोष्टीचा अभिमान धरताना असलेली गोष्ट हातची जात आहे.

आधी शुद्धतेचे पाहू. आपण रोज भातावर जे तूप वाढून घेतो, त्या शब्दाचा माग अभ्यासकांनी कानडीतील 'तुप्प'पर्यंत नेला आहे. सकाळच्या न्याहारीचे उप्पीट म्हणजे 'उप्पु' आणि 'हिट्टु', अर्थात मीठ आणि पीठ. नागपंचमीचा कडबू, उन्हाळ्यातील अंबील, घरातील अक्का, अण्णा आणि अप्पा, बाजारातील 'जवारी' मिरची आणि 'जवारी' कोंबडी, यांतील एकही शब्द वगळून आपल्याला चार वाक्ये धड बोलता येणार नाहीत. उलट बाजूने पाहिले, तर हुक्केरी-चिकोडीकडच्या कानडी घरात झुणका हा झुणकाच असतो. आपल्या संतांनी विठ्ठलालाच कानडा म्हटले, तेव्हा त्यांना आपली मराठी बाटेल अशी भीती वाटली नाही. ती भीती आपल्या पिढीची कमाई आहे.

निपाणी भागातील वाचकांस बेंदराचा दाखला पुरेसा व्हावा. ज्येष्ठी पौर्णिमेचा तो कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातील तो महाराष्ट्री बेंदूर, अशी नावे आपल्याच वाडवडिलांनी ठेवली. राज्यांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव हे दोन्ही सण चालत आले. खुद्द कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावे कर्नाटकी बेंदूर पाळतात आणि त्यामुळे ती कमी मराठी ठरली, असे कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला जाणाऱ्या गाड्यांतून दोन्ही भाषा एकाच घोंगडीवर बसून जातात.

कोल्हापुरी म्हणून ज्या तिखटाचा सर्वत्र डंका वाजतो, त्यातील संकेश्वरी मिरचीचे नाव ज्या गावावरून पडले, ते संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात आहे आणि ब्याडगी तर त्याहून दूर, हावेरी जिल्ह्यात. चटणीच्या एका डब्यात दोन राज्ये सुखाने नांदतात. डब्याबाहेर ती का नांदू नयेत, हा प्रश्न राजकारण्यांना विचारावा. आपण निदान डब्यातील सत्य नाकारू नये.

इथे आम्हांला हमखास विचारले जाईल, की हे सारे कबूल केले, तर प्रतिपक्षाच्या हाती कोलीत नाही का दिले जात? १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. महाजन आयोगाने १९६७ साली दिलेला अहवाल निपाणी महाराष्ट्राला देऊ करणारा, पण बेळगाव नाकारणारा होता. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. असे असताना आपणच आपल्या स्वयंपाकघरात कानडी शोधत बसावे काय?

या आक्षेपाचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमची उमेदीची सारी वर्षे राज्य शासनाच्या सेवेत गेली. दिवसभर कानडीत टिपणे लिहायची आणि रात्री घरी मराठीत पत्रे लिहायची, हा आमचा शिरस्ता होता. दावा कशावर उभा राहतो आणि कशाने कोसळतो, हे थोडेफार कळण्याइतका कागद आमच्या हाताखालून गेला आहे. सीमाभागातील मराठी माणसाचे म्हणणे लोकांच्या इच्छेवर आणि भाषिक बहुसंख्येवर उभे आहे, आमटीच्या वंशावळीवर नव्हे. मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, हे घटनेच्या कलम ३५०(अ) ने सांगितले आहे. ते कलम 'तुमच्या घरी तुपाला काय म्हणतात' असे विचारत नाही. ज्याचा हक्क पक्का आहे, त्याला खोट्या पुराव्याची गरज पडत नाही. खोटा पुरावा एकदा उघडा पडला, की खऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

आणि आपला खरा वारसा काय कमी आहे? किर्लोस्करांची संगीत रंगभूमी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अण्णासाहेबांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात आणि गांधीजींनी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले, ते १९२४ चे अधिवेशनही बेळगावचेच. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात झाला. इंदिरा संतांची कविता इथे फुलली. जी. ए. कुलकर्णी याच जिल्ह्यातले आणि त्यांनी आयुष्यातील मोठा काळ धारवाडात, कानडी मुलखात राहून मराठी कथा लिहिली. पु. लं. नी 'गणगोत'मध्ये अजरामर केलेले रावसाहेब तर मराठी-कानडीची मिसळण बोलूनच महाराष्ट्राच्या गळ्यातील ताईत झाले. त्यांच्या तोंडची ती मिसळण काढून पुण्याची शुद्ध भाषा घातली, तर रावसाहेब उरतील काय?

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते. त्यात मराठी बोलणारे होते आणि कानडी बोलणारेही होते. पोलिसांच्या गोळ्या झाल्या, शेतकरी मेले. त्या गोळ्यांनी कोणाची मातृभाषा विचारली नव्हती. रस्त्यावर एकत्र बसून भाकरी खाणाऱ्यांना आपली भाकरी मराठी की कानडी, हा प्रश्न पडल्याचेही ऐकिवात नाही. असले प्रश्न पोट भरलेल्यांनाच सुचतात.

आता नुकसानीचा हिशेब मांडू. बेळगावी बासमती हे एकेकाळी येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर या शिवारांचे भूषण होते. एका घरी भात शिजला, की आळीला कळे. आज त्या शिवारांवर वसाहती उभ्या आहेत. उरलेल्या सुपीक जमिनीतून बायपास जाऊ नये, म्हणून शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यातच २०१६ साली 'बासमती' या नावाची भौगोलिक नोंद झाली ती उत्तरेतील प्रदेशांपुरती. म्हणजे जमीनही गेली आणि नावावरचा हक्कही गेला. याच येळ्ळुरात २०१४ साली महाराष्ट्र राज्य लिहिलेला फलक काढला गेला, तेव्हा उसळलेला संताप आम्ही समजू शकतो. पण त्या गावचा तांदूळ नाहीसा होत असताना आपल्यापैकी कितींनी एक अर्ज तरी केला?

कुंद्याचे बरे आहे, असे वाटेल, कारण तो दुकानात मिळतो. विसरून चुलीवर राहिलेल्या दुधाची आख्यायिका सांगत पाहुणे तो डब्यांतून घेऊन जातात. परंतु दूध तासन् तास आटवून त्याला तांबूस रंग आणि रवाळपणा कोणत्या क्षणी येतो, हे हाताला कळणारी माणसे आज किती घरांत उरली आहेत? मांड्याची स्थिती तर याहून बिकट आहे. पीठ किती वेळ मळायचे, पिठीसाखर, तूप, खसखस नि वेलदोड्याचे सारण भरून लाटलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत कशी वाढवायची, तापल्या खापरावर ती न फाटता कशी टाकायची आणि मोडण्याआधी चौकोनी घडी केव्हा घालायची, हे कागदावर उतरत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते. मधला एक हात सुटला, की साखळी तुटते आणि मग मनात मांडे खाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हे खापर कोणाच्या माथी फोडायचे? बंगळुरूच्या सरकारने मराठीतून सातबारा दिला नाही, पाट्या बदलल्या, २०१४ साली गावाचे नाव बेळगावी केले, ही तक्रार रास्त आहे आणि ती आम्हीही करतो. मात्र कोणत्याही सरकारने आपल्या घरात येऊन खापर विझविले नाही. कोणत्याही अधिसूचनेने आपल्या सुनांना आणि मुलांना सासूबाईंजवळ बसून शिकण्यास मनाई केली नाही. मुलांनी घरी 'उप्पीट' म्हटले, की 'उपमा म्हण, पुण्यात हसतील' असे सांगणारे आपणच होतो. ज्या बोलीला आपण चारचौघांत लाजलो, तिच्यासाठी मोर्च्यात घसा कोरडा करण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

म्हणून मंडळास आमची एक मागणी आहे. या पत्रिकेत दर अंकी दोन पाने एका घरासाठी राखून ठेवावीत. त्या घरातील वडीलधाऱ्या बाईने, तिला लिहिता येत नसेल तर नातवंडांनी, एक पदार्थ तिच्याच शब्दांत सांगावा. ती 'हिट्टु' म्हणाली तर 'हिट्टु'च छापावे, त्याचे 'पीठ' करू नये. शेजारच्या कानडी घरातील बाई तोच पदार्थ निराळ्या हाताने करीत असेल, तर तिचेही म्हणणे तिच्या नावानिशी शेजारी छापावे. यात कोणाच्या दाव्याला बाध येईल, असे आम्हांस वाटत नाही. आलाच, तर तो दावा फार तकलादू होता, एवढेच सिद्ध होईल.

आणि त्या लग्नघरच्या यजमानांना एक विनंती. कोरफडीला दुसरी कुंडी मिळेल. खापर घासून चुलीवर ठेवा. आपल्या गल्लीत मांडे करणारी एक म्हातारी बाई अजून आहे. तिची भाषा कोणती, ते मात्र विचारू नका.