दलालाचा सल्ला व गरिबाचें घर

‘भाडें भरणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें, त्यापेक्षां गांवची दोन एकर विका, घर घ्या आणि मालक व्हा,’ असा उपदेश मुंबई-पुण्याकडे पोट भरण्यास गेलेल्या आमच्या कुणबी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंस हल्लीं पदोपदीं ऐकूं येतो. उपदेश करणारा गृहस्थ बहुधा घरजागांचा दलाल असतो. गंमत ही कीं, ज्याच्या पदरीं विकण्यास जमीन नाहीं अशा दुसऱ्या गिऱ्हाइकास तोच दलाल त्याच दिवशीं सांगतो, ‘कर्जांत कशाला बुडतां? भाड्यानें राहा, मोकळे राहा.’ दोन्ही बोलणीं एकाच तोंडचीं, आणि दोन्हींत थोडेंथोडें खरेंही आहे. म्हणूनच त्यांचा नीट विचार करणें अवश्य आहे.

आम्ही दलालांचे वैरी नाहीं. अनोळखी शहरांत खोली शोधून देणें, मालकाशीं गांठ घालून देणें हें कामच आहे, व कामाचा मोबदला घेण्यांत पाप नाहीं. परंतु बाजारांतला अडत्या ज्यास ठाऊक आहे त्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको कीं, सौदा झाला म्हणजे अडत्याची अडत सुटते. भाव पडला तर तो शेतकऱ्याच्या कपाळीं. घराच्या दलालाचेंही तसेंच. भाड्याच्या घरांत बहुधा एका महिन्याचें भाडें व विक्रींत किंमतीवर शेंकडा एक-दोन रुपये, तेंही पुष्कळदां दोन्ही पक्षांकडून, असा रिवाज आहे. सौदा मोडला तर त्याच्या हातीं कांहीं पडत नाहीं. ‘थांबा, हें घर घेऊं नका,’ हें वाक्य ज्याच्या पोटावर पाय आणतें, त्याच्याच तोंडून तें निघण्याची वाट पाहणें हा भाबडेपणा होय. आपला हिशेब आपणच केला पाहिजे.

तो हिशेब करून पाहूं. समजा, मुंबईच्या एखाद्या उपनगरांत 50 लाख रुपयांचें लहानसें घर आहे. 10 लाख रुपये गांवची जमीन विकून उभे केले आणि 40 लाख बँकेकडून शेंकडा साडेआठ व्याजानें 20 वर्षांच्या मुदतीवर काढले. महिन्याचा हप्ता सुमारें 34,700 रुपये बसतो. पहिल्या हप्त्यांत 28,300 रुपयांवर नुसतें व्याज असतें. मुद्दल फिटतें तें 6,400 च्या आंत. दर तोच राहिला तर 20 वर्षांत बँकेस एकंदर 83 लाखांवर रुपये जातात, म्हणजे व्याजच 43 लाखांवर झालें. शिवाय मुंबईंत मुद्रांक शुल्क शेंकडा 6, म्हणजे 3 लाख. नोंदणीचे 30 हजार. दलाली आणि सोसायटीचा दरमहाचा खर्च निराळाच. तेंच घर महिना 13 हजार भाड्यानें मिळत असेल, तर पाण्यांत जाणारा पैसा भाड्याचा कीं व्याजाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याचा अर्थ घर घेऊंच नये असा मात्र नव्हे. भाडेकऱ्यास दर अकरा महिन्यांनीं बिऱ्हाड पाठीवर घेण्याची धास्ती असते, मुलांच्या शाळा तुटतात, भाडें वाढत जातें, आणि म्हातारपणीं तें भरण्यास कमाई उरत नाहीं. जागांचे भाव चढले तर मालकाचा फायदा होतो, हेंही खरें. कमाई पक्की असेल व हप्ता तिच्या तिसऱ्या हिश्शांत बसत असेल, तर घर अवश्य घ्यावें. आणि तें घरच्या लक्ष्मीच्या नांवें घ्यावें. महाराष्ट्रांत 2021 सालापासून स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा एकाची सूट आहे.

पण त्यासाठीं सगळी जमीन विकूं नये, हें आमचें निक्षून सांगणें आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते व त्यांतील पुष्कळांस गिरणीचें दार पुन्हां उघडलें नाहीं. ज्यांचें गांवीं चार वाफ्यांचें का होईना रान होतें त्यांस जावयास ठिकाण तरी होतें. ज्यांचें नव्हतें त्यांनीं कोठें जावें? दुसरी गोष्ट दलाल कधीं सांगत नाहीं. 1948 सालच्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. शेवटचा तुकडा विकणारा कुणबी कायद्याच्या डोळ्यांत शेतकरी म्हणून उरत नाहीं. पुढें पैसा हातीं आला तरी मातींत परतण्याची वाट त्यास बिकट होते. शहरांतलें घर दुसरें मिळतें. सातबाऱ्यावरचें नांव एकदां पुसलें म्हणजे पुन्हां लिहवत नाहीं.

आतां कागदाविषयीं. न वाचतां अंगठा उठविण्याचें फळ आमच्या आज्या-पणज्यांनीं पुरें भोगलें आहे. 1875 सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढें 1879 सालीं शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला, व शेतकऱ्याचा दस्त नेमलेल्या निबंधकापुढें होण्याची तजवीज त्यांत आली. दस्त उजेडांत व अधिकाऱ्यापुढें झाला पाहिजे, हा धडा इतका महाग पडलेला असतां तो विसरून कसें चालेल?

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं,’ असें कित्येक दलाल सांगतात. महाराष्ट्रांत तें खोटें आहे. 1999 सालचा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून चालू आहे. त्याच्या 55 व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल व अटींविषयीं तंटा पडला, तर उलट पुरावा नसेपर्यंत भाडेकऱ्याचें म्हणणें खरें धरतात. मात्र भाडेकऱ्यानेंही ध्यानांत ठेवावें कीं, लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा अडविली तर 24 व्या कलमानें दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. अनामत रक्कम बँकेमार्फत द्यावी, पावती घ्यावी.

विकत घेणारानें तर डोळ्यांत तेल घालावें. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपयांच्या कागदावर नोटरी करून घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांवर मालकी बसत नाहीं. 2016 सालच्या स्थावर संपदा कायद्यानें, ज्यास लोक रेरा म्हणतात, नोंदलेल्या प्रकल्पांतील घरें विकणाऱ्या दलालासही नोंदणी सक्तीची केली आहे. त्याचा नोंदणीक्रमांक मागावा. तो देण्यास जो कांकूं करतो त्यास रामराम ठोकावा. करार नोंदविण्यापूर्वीं बिल्डरास किंमतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, व घराचें माप चटईक्षेत्रानेंच सांगावें लागतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. अनामत किती हें सांगण्यापूर्वीं दलाल ‘आडनांव काय? मटण-मासळी खातां काय?’ असें विचारतो. 1917 सालीं परदेशची विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या आंबेडकरांस घर मिळेना. जात लपवून पारशी विश्रामगृहांत राहावें लागलें, व तेथूनही कांठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस बाहेर काढलें. शंभर वर्षें लोटलीं तरी तो प्रश्न अजून दारांत उभाच आहे. 2005 सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत, सभासदत्व एका समाजापुरतें ठेवण्याची अट ग्राह्य धरली. सारा इलाज कचेरींत नाहीं. दलाल म्हणतो, ‘मी काय करूं? मालकाची तशी इच्छा आहे.’ आणि तो मालक आज पुष्कळदां आमच्यांतलाच असतो! काल ज्यास आडनांवावरून खोली नाकारली गेली, तो आज दोन खोल्या बांधतांच महाराचें, मांगाचें, मुसलमानाचें आडनांव ऐकून दार लावतो. असें करणारानें समतेच्या गोष्टी सभेंत सांगूं नयेत.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, दलालाचें ऐका, पण हिशेब आपला करा. घरांतली शिकलेली मुलगी किंवा मुलगा बरोबर घ्या, कागद मोठ्यानें वाचवून घ्या आणि न समजलेल्या ओळीखालीं सही करूं नका. दलाल ‘आजच बयाणा द्या, उद्यां जागा जाईल,’ म्हणाला, तर जाऊं द्या. जागा गेली तर दुसरी मिळेल. घाईनें गेलेली जमीन व फसवून गेलेला पैसा परत आणतां आणतां तुमची हयात सरेल.