बदली साहेबांची, लॉगिन मात्र इथंच

मे महिन्यात जव्हार-मोखाड्यात दोनच विषय चालतात: पाणीटंचाई आणि बदल्या. पाण्याला टँकर तरी येतो. बदलून गेलेल्या साहेबांच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी इकडे कसा आणायचा, हे कुणी सांगत नाही. मी इथल्या कार्यालयांचे संगणक जोडून देतो, दुरुस्त करतो. एका कार्यालयात (नाव कशाला घ्या!) आधीच्या साहेबांच्याच नावानं लॉगिन चालू होतं आणि पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला.

मोठ्या संस्था यासाठी डिरेक्टरी सेवा ठेवतात. कोण कोणत्या पदावर आहे, त्यानं काय उघडायचं, याची एकच मध्यवर्ती नोंद. ती बसवणं सोपं. तिच्या शाखा आखणं अवघड. आखणारे बहुधा नकाशा घेऊन बसतात: राज्य, जिल्हा, तालुका. आमच्याकडे तो नकाशाच हलला. १ ऑगस्ट २०१४ ला हे दोन्ही तालुके ठाण्यातून पालघर जिल्ह्यात आले. तहसीलदार पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली गेले, पण जव्हारचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय ठाण्याच्या अपर आयुक्तांकडेच राहिलं. जिल्ह्यावर आखलेली डिरेक्टरी तेव्हा अर्धी उपटावी लागली असती. म्हणून आखणी खात्यानुसार करा. जिल्हा, तालुका ही नुसती नोंद असू द्या.

अधिकार पदाला जोडा. इथं पदं रिकामी राहतात, एकेकाकडे दोन-दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार असतो. दुसऱ्या टेबलाचे अधिकार त्याच्या स्वतःच्याच लॉगिनला, मुदत घालून मिळाले पाहिजेत. नाहीतर तो जुन्या साहेबांना फोन करून पासवर्ड मागणार, आणि बिल नेमकं मंजूर केलं कुणी हे लेखापरीक्षकालाही कळणार नाही.

पावसाळ्यात मोखाड्याची लाइन तुटते. लॉगिन तपासणारा सर्व्हर फक्त मुंबईत असेल, तर त्या दिवशी नव्यानं रुजू झालेला माणूस संगणकासमोर नुसता बसून राहतो. म्हणून इथंच डिरेक्टरीची फक्त वाचता येणारी प्रत ठेवावी. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय २००८ पासून आहे. तिच्यात इथल्याच कर्मचाऱ्यांचे पासवर्ड ठेवता येतात, त्यामुळे यंत्र चोरीला गेलं तरी राज्यभराचे पासवर्ड जात नाहीत.

सर्व्हर तज्ज्ञांनी निवडावा. पण कोण आलं, कोण गेलं, हे सगळ्यांत आधी आस्थापनेच्या लिपिकाला कळतं. आखणीच्या बैठकीला त्याला बोलवा. आणि कार्यमुक्तीच्या आदेशात एक ओळ सक्तीची करा: या पदाचे अधिकार अमुक तारखेला काढून घेतले. ती भरल्याशिवाय कुणालाही चार्ज सोडू देऊ नका, साहेबांनासुद्धा.